सरकारी खरेदीत आपला वाटा: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

गेल्या अंकात आम्ही अनुसूचित जाती-जमातीच्या, अल्पसंख्याक समाजाच्या आणि महिलांच्या लहान उद्योगांना सरकारी टेंडरमध्ये येणाऱ्या अडचणींवर प्रश्न मागवले होते. नागपूर आणि आसपासच्या वाचकांनी भरभरून लिहिले. वेस्टर्न कोलफील्ड्स आणि मॉईल यांची मुख्यालये इथेच, रेल्वेचे दोन विभाग इथे, अंबाझरीचा आयुध कारखाना, मिहानमधले एम्स, नीरी, मौद्याचे एनटीपीसी. एवढे केंद्रीय ग्राहक दाराशी असूनही उप्पलवाडी किंवा हिंगण्याच्या छोट्या शेडमधून त्यांच्याकडे माल जात नाही, ही खंत बहुतेक पत्रांत आहे. ज्या प्रश्नांचा उपयोग अनेकांना होईल ते इथे घेतले आहेत.

प्रश्न: आमचे कामगारांचे हातमोजे आणि ॲप्रन शिवण्याचे युनिट आहे. आम्ही अनुसूचित जातीचे. सरकारी कंपन्यांत आमच्यासाठी ४ टक्के राखीव आहे असे मेळाव्यांत सांगतात. दोन वर्षे टेंडर भरतोय, एकही ऑर्डर नाही. हे ४ टक्के जातात कुठे? (उप्पलवाडी)

आधी हे ४ टक्के म्हणजे काय ते पाहू, कारण मेळाव्यांत अर्धेच सांगितले जाते. केंद्र सरकारने २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याच्या कलम ११ खाली २०१२ मध्ये सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी सार्वजनिक खरेदी धोरण आणले. प्रत्येक केंद्रीय मंत्रालय, खाते आणि सार्वजनिक कंपनीने वर्षाच्या एकूण खरेदीतला ठरावीक हिस्सा सूक्ष्म-लघु उद्योगांकडून घ्यायचा. सुरुवातीला तो २० टक्के होता, १ एप्रिल २०१९ पासून २५ टक्के आहे. या २५ टक्क्यांच्या आतच ४ टक्के अनुसूचित जाती-जमातीच्या मालकीच्या आणि ३ टक्के महिलांच्या मालकीच्या उद्योगांसाठी आहेत.

हे कंपनीने वर्षभरात गाठायचे उद्दिष्ट आहे. प्रत्येक टेंडरमध्ये तुमच्या नावाची जागा बाजूला काढून ठेवलेली नसते. शिवाय धोरणातच म्हटले आहे की अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योगांनी टेंडर भरले नाही, किंवा भरूनही अटी आणि किंमत जुळली नाही, तर तो हिस्सा इतर सूक्ष्म-लघु उद्योगांकडून भरून काढता येतो. तुमचे ४ टक्के बहुतेक वेळा इथे जातात. म्हणून नुसते पात्र असून भागत नाही, किमतीच्या पट्ट्यात असावे लागते.

हा पट्टा नीट समजून घ्या. समजा १०,००० जोड हातमोज्यांचे टेंडर आहे. सर्वांत कमी दर, म्हणजे एल-वन, एका मोठ्या कंपनीचा: ८० रुपये जोड. एल-वनपेक्षा १५ टक्क्यांपर्यंत वर असलेला सूक्ष्म-लघु उद्योग पट्ट्यात बसतो, म्हणजे ९२ रुपयांपर्यंत. तुमचा दर ९० असेल तर तुम्ही आत, ९३ असेल तर बाहेर. आत असलेल्यांना विचारले जाते की ८० रुपयांना द्याल का. हो म्हणणाऱ्यांमध्ये एकूण मालाचा २५ टक्के हिस्सा, म्हणजे २,५०० जोड, वाटला जातो. टेंडरमध्ये पोट-उद्दिष्ट लिहिलेले असेल तर त्यातले ४०० जोड अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योगाचे. माल विभागून घेता येण्यासारखा नसेल तर पूर्ण ऑर्डरही सूक्ष्म-लघु उद्योगाला देता येते. पण एल-वन स्वतःच सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर ही सवलत लागूच होत नाही. नागपुरात हे वारंवार घडते, कारण हातमोज्यांसारख्या मालात स्पर्धक तुमच्याएवढेच लहान असतात.

आता खरा प्रश्न उरतो तो ८० रुपयांना परवडेल का, हा. कागदावर मांडा. कापड आणि चामडे ५६, शिलाई ११, पॅकिंग आणि वाहतूक ४, भाडे-वीज ४. झाले ७५. पैसे तीन महिने अडकतील असे धरून १२ टक्क्यांनी व्याज सव्वादोन रुपये. ७७ रुपये २५ पैसे. जोडामागे पावणेतीन रुपये सुटतात, २,५०० जोडांवर ६,८७५. पुरवठ्याला उशीर झाला तर जेमच्या, म्हणजे केंद्राच्या ऑनलाइन खरेदी पोर्टलच्या, सर्वसाधारण अटींप्रमाणे आठवड्याला अर्धा टक्का दंड, कमाल १० टक्के. चार आठवडे उशीर म्हणजे जोडाला १ रुपया ६० पैसे गेले, निम्म्याहून जास्त नफा गेला. ही बेरीज टेंडर भरण्याआधी करायची, दर जुळवण्याचा निरोप आल्यावर नाही. तेव्हा उत्तर द्यायला फार थोडा वेळ असतो आणि घाईत माणूस हो म्हणून बसतो.

या हिशेबात सर्वांत महागात पडणारी चूक जीएसटीची. जेमवरचा दर करासह आणि पोहोच खर्चासह असतो. वरचे ८० रुपये करासह असतील आणि समजा कर १८ टक्के असेल, तर तुमच्या हातात ६७ रुपये ८० पैसेच येतात. कच्च्या मालावरचा परतावा धरूनही ७५ रुपयांच्या खर्चात हे बसणे अवघड. बाजारातला करविरहित दर तसाच जेमवर टाकून ऑर्डर जिंकणारे आणि मग माल न देता काळ्या यादीत जाणारे उद्योग थोडेथोडके नाहीत.

दोन गोष्टी लगेच करा. धोरणात ३५८ वस्तूंची यादी आहे, ज्या फक्त सूक्ष्म-लघु उद्योगांकडूनच घ्यायच्या आहेत. तुमचा नेमका माल त्यात कोणत्या नावाने आहे ते पाहा. त्या यादीतल्या मालाला मोठ्या कंपन्या स्पर्धेत नसतात. दुसरे, प्रत्येक केंद्रीय कंपनीने वर्षाची खरेदी योजना आपल्या संकेतस्थळावर टाकायची असते. ती पाहून पुढच्या सहा महिन्यांत काय निघणार आहे ते हेरा आणि आतापासून नमुने, चाचणी अहवाल तयार ठेवा. एमएसएमई मंत्रालयाच्या ‘संबंध’ पोर्टलवर कोणत्या केंद्रीय कंपनीने अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योगांकडून किती खरेदी केली तेही दिसते. उद्दिष्टापासून लांब असलेली कंपनी शोधा. मार्च जवळ आला की त्यांनाही तुमची गरज असते.

प्रश्न: आम्ही बौद्ध आहोत. माझ्या दाखल्यावर ‘नवबौद्ध’ लिहिले आहे. मी आणि माझा खुल्या प्रवर्गातला मित्र अशी निम्मी-निम्मी भागीदारी आहे. उद्यम नोंदणीत (केंद्राच्या एमएसएमई नोंदणीत) मी अनुसूचित जाती असे भरले आहे. ते चालेल का? (इंदोरा)

दोन्ही ठिकाणी दुरुस्ती लागेल.

दाखल्याचे आधी. अनुसूचित जातींच्या घटनात्मक आदेशात १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा समावेश झाला. त्यामुळे मूळ अनुसूचित जातीतून आलेले बौद्ध कुटुंब केंद्राच्या सवलतींनाही पात्र आहे. मात्र केंद्रीय कार्यालयातला तपासणारा माणूस अनुसूचित जातींच्या यादीत नाव शोधतो आणि त्या यादीत ‘नवबौद्ध’ अशी जात नाही. केंद्राच्या नमुन्यातला दाखला घ्या, ज्यात मूळ जात आणि बौद्ध धर्म या दोन्हींचा उल्लेख असतो. उपविभागीय अधिकाऱ्यांकडून तो मिळतो, अर्ज सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून करता येतो. अर्ज करतानाच ‘केंद्रासाठी’ असे स्पष्ट निवडा.

भागीदारीत नियम असा आहे की अनुसूचित जाती-जमातीच्या भागीदारांचा हिस्सा किमान ५१ टक्के हवा. खाजगी मर्यादित कंपनीत प्रवर्तकांचे समभाग किमान ५१ टक्के हवेत. एकल मालकीत मालक स्वतः त्या प्रवर्गातला हवा. पन्नास टक्के म्हणजे अपात्र. पन्नासचे एकावन्न करायचे असतील तर भागीदारी पत्र नव्याने करून त्याची नोंद फर्म निबंधकांकडे करा, नफा वाटणीचे प्रमाणही तेच ठेवा, मग उद्यममध्ये बदल करा. क्रम उलटा झाला, म्हणजे आधी टेंडर भरले आणि नंतर पत्र बदलले, तर टेंडरच्या अंतिम तारखेला तुम्ही अपात्रच होता. उद्यमची माहिती स्वघोषित असते, भरताना कोणी अडवत नाही. अडचण ऑर्डर मिळाल्यावर एखाद्या स्पर्धकाने तक्रार केली की येते.

याच विषयावर आलेल्या दुसऱ्या पत्राला इथेच उत्तर देतो. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबाला अनुसूचित जातीचा दर्जा राहत नाही, कारण तो हिंदू, शीख आणि बौद्ध यांच्यापुरता आहे. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही. ख्रिस्ती आदिवासी उद्योजक जमातीच्या हिश्श्याला पात्र आहेत.

प्रश्न: आमच्याकडे हलबा जमातीचा जुना दाखला आहे, पडताळणी झालेली नाही. त्यावर टेंडरमध्ये प्रवर्ग दाखवू का? (गोळीबार चौक)

नका दाखवू. हलबा-कोष्टी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कोष्टी समाजाला हलबा अनुसूचित जमातीचा लाभ मिळू शकत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००० रोजी मिलिंद प्रकरणात दिला. पडताळणी समितीकडून वैधता मिळालेली नसताना त्या दाखल्यावर ऑर्डर घेतली आणि पुढे दावा अमान्य झाला, तर ऑर्डर जाईलच, शिवाय राज्याच्या जात पडताळणी कायद्याखाली फौजदारी कारवाईही होऊ शकते. राज्यात हा समाज विशेष मागास प्रवर्गात आहे, पण केंद्राच्या खरेदी धोरणात त्या प्रवर्गाला किंवा ओबीसींना वेगळा हिस्सा नाही. सर्वसाधारण सूक्ष्म उद्योग म्हणून बयाणा (टेंडरसोबत भरायची ठेव) माफी आणि १५ टक्क्यांचा पट्टा तुम्हाला आहेच. हातमाग-यंत्रमागाच्या मालाला तेवढ्यानेही बरेच काही साधता येते.

प्रश्न: आम्ही मुस्लिम कुटुंब. शाळेची दप्तरे आणि कॅनव्हासच्या पिशव्या शिवतो, बारा कारागीर आहेत. अल्पसंख्याकांसाठी सरकारी खरेदीत काही वाटा आहे का? (मोमीनपुरा)

धार्मिक अल्पसंख्याक म्हणून केंद्राच्या खरेदी धोरणात वेगळा हिस्सा नाही. असा हिस्सा मिळवून देतो म्हणून कोणी पैसे मागत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. कर्जासाठी मात्र स्वतंत्र व्यवस्था आहे: केंद्राचे राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळ आणि राज्याचे मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ.

तरीही टेंडरचे दार बंद नाही. उद्यम नोंदणी असलेला प्रत्येक सूक्ष्म-लघु उत्पादक २५ टक्क्यांच्या धोरणात येतो. टेंडर फॉर्म फुकट, बयाणा माफ, १५ टक्क्यांचा पट्टा, राखीव वस्तूंची यादी, सगळे तुम्हालाही लागू आहे. घरातली एखादी स्त्री खरोखर हा व्यवसाय चालवत असेल, म्हणजे बँकेच्या खात्यावर तिची सही, जीएसटी तिच्या नावावर, निर्णय तिचे, तर महिलांच्या ३ टक्क्यांसाठी तिच्या नावाची नोंदणी रास्त आहे. नुसते नाव लावून उपयोग नाही. बारा कारागिरांचे युनिट मोजमापाने आणि वेळेवर माल देत असेल तर त्याला शालेय साहित्य, टपाल पिशव्या, टूल बॅग अशा मालात जागा आहे, आणि यातला बराचसा माल जेमवर घेतला जातो. पिशवीचे कापड किती जीएसएम (एका चौरस मीटरचे वजन ग्रॅममध्ये), धागा कोणता, शिलाईत इंचाला टाके किती, हे टेंडरमध्ये लिहिलेले असते. आधी नेमका तेवढाच नमुना बनवा, एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून घ्या. नमुन्यात नापास होण्याचे सर्वांत मोठे कारण बाजारातले कापड त्या वजनाचे नसणे हे आहे. दुकानदार ४०० जीएसएम सांगतो, काट्यावर ३५० भरते.

प्रश्न: बयाणा माफी घेऊन जेमवर टेंडर भरले. ‘तांत्रिकदृष्ट्या अपात्र’ असा शेरा आला. कारण नीट कळत नाही. (हिंगणा)

तुम्ही पाठवलेल्या कागदांवरून कारण दिसते. तुमच्या उद्यम प्रमाणपत्रात मुख्य व्यवहार ‘व्यापार’ असा आहे. घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकांच्या प्राधान्य क्षेत्र कर्जापुरती. खरेदी धोरणाचा लाभ स्वतः माल बनवणाऱ्यांना आणि स्वतः सेवा देणाऱ्यांना आहे. तुम्ही खरोखर बनवत असाल तर उद्यममध्ये उत्पादनाचा योग्य एनआयसी संकेतांक (व्यवसायाचा प्रकार दाखवणारा क्रमांक) घाला, जेमवर त्या मालाचे उत्पादक म्हणून नोंद करा आणि विजेचे बिल, यंत्रांची बिले, कारखान्याचे फोटो हाताशी ठेवा.

इतर कागद जुळवताना हेही तपासा. उद्यम, जीएसटी, पॅन आणि बँक खाते या चारही ठिकाणी फर्मचे नाव अक्षरशः एकच हवे. एका ठिकाणी ‘एंटरप्रायझेस’ आणि दुसरीकडे ‘एंटरप्राइज’ एवढ्यावरही फाइल अडते. बयाणा माफीसाठी प्रमाणपत्र जोडावे लागते, नुसती माफीची खूण करून चालत नाही. खरेदीदाराने जोडलेल्या जादा अटींची पीडीएफ शेवटच्या पानापर्यंत वाचा, लेटरहेडवरची हमीपत्रे बहुतेक वेळा तिथेच मागितलेली असतात.

उलाढाल आणि अनुभवाची अट हा मोठा अडथळा आहे. अर्थ मंत्रालयाने २०१६ मध्ये स्पष्ट केले की गुणवत्ता आणि तांत्रिक अटी पूर्ण होत असतील तर सूक्ष्म-लघु उद्योगांना पूर्वीच्या उलाढालीची आणि अनुभवाची अट शिथिल करता येते. ‘करता येते’, करावीच लागते असे नाही. जेमच्या बोलीपत्रात ही सूट ‘होय’ की ‘नाही’ ते पहिल्या पानांवरच दिसते. ‘नाही’ असेल आणि तीन वर्षांचा अनुभव मागितला असेल तर नव्या उद्योगाने तिथे वेळ घालवू नये. त्याऐवजी बोलीची मुदत संपण्याआधी पोर्टलवरून खरेदीदाराला लेखी विनंती पाठवा की ही अट शिथिल करावी. एकट्याने पाठवलेली विनंती बाजूला पडते, चार-पाच उद्योगांनी पाठवली तर बदल होण्याची शक्यता वाढते. दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स किंवा हिंगणा आणि बुटीबोरीच्या उद्योजक संघटनांमार्फत हे करता येते.

अपात्र ठरवल्यावर दाद मागण्याची मुदत जेमवर फारच थोडी असते. रोज सकाळ-संध्याकाळ पोर्टल उघडून पाहा, ईमेलवर विसंबू नका. केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतला नियम १७३ सांगतो की टेंडरच्या अटी, प्रक्रिया आणि नाकारल्याचा निर्णय यांवर प्रश्न विचारण्याची सोय बोलीदाराला असलीच पाहिजे. तक्रारीत त्याचा उल्लेख करा, मुद्देसूद आणि एका पानात लिहा. तेवढ्याने न भागल्यास माहिती अधिकारात तांत्रिक मूल्यमापनाचा तक्ता मागा. उत्तर ३० दिवसांत यायला हवे. ऑर्डर परत मिळत नाही, पण पुढच्या टेंडरला नेमके कुठे अडले ते कळते.

प्रश्न: एका मोठ्या ठेकेदाराचे म्हणणे, तुमचे प्रमाणपत्र द्या, टेंडर आम्ही भरतो, काम आम्ही करतो, तुम्हाला २ टक्के घरपोच. घ्यावे का? (बुटीबोरी)

नाही. २० लाखांच्या ऑर्डरवर तुम्हाला ४० हजार मिळतील आणि जबाबदारी पूर्ण २० लाखांची तुमची राहील. माल नापास झाला तर दंड तुमच्यावर. जीएसटी भरला नाही तर नोटीस तुम्हाला. कामगारांचा भविष्य निर्वाह निधी बुडाला तर वसुली तुमच्या खात्यातून. वित्तीय नियम १५१ खाली खरेदी करणारे कार्यालय दोन वर्षांपर्यंत बंदी घालू शकते आणि ती तुमच्या फर्मच्या नावावर पडते, ठेकेदाराच्या नाही. तो उद्या दुसऱ्याचे प्रमाणपत्र शोधेल.

त्याहून मोठे नुकसान समाजाचे आहे. उद्दिष्टाच्या आकड्यात ही खरेदी अनुसूचित जातीच्या उद्योगाकडून झाल्याची नोंद होते आणि प्रत्यक्ष कारागिराच्या हाती काही येत नाही. मग वर्षाअखेरीस कागदावर ४ टक्के पूर्ण दिसतात आणि खरा उत्पादक बाहेर उभा राहतो. त्या ठेकेदाराला उलट विचारा: त्याच्या मोठ्या कामातला एक भाग उप-पुरवठादार म्हणून लेखी कराराने तुम्हाला देईल का? तसा लेखी अनुभव पुढच्या टेंडरला उपयोगी पडतो.

प्रश्न: माल देऊन सात महिने झाले, ४ लाखांचे बिल अडकले आहे. खरेदीदार सार्वजनिक कंपनी आहे. दुखावले तर पुढे काम मिळणार नाही अशी भीती वाटते. (कळमेश्वर)

भीती समजण्यासारखी आहे, पण सात महिने म्हणजे तुमच्या खेळत्या भांडवलाचा गळा. पायरीपायरीने जा.

आधी पाहा की माल स्वीकारल्याची नोंद झाली आहे का. जेमवर माल पोचल्यावर तात्पुरती पावती आणि त्यानंतर स्वीकृती प्रमाणपत्र निघते. स्वीकृती १० दिवसांत आणि त्यानंतर पैसे १० दिवसांत अशी व्यवस्था आहे. बहुतेक बिले पैशाअभावी अडत नाहीत, स्टोअरमधल्या माणसाने स्वीकृती काढली नाही म्हणून अडतात. म्हणून माल पोचवणाऱ्या ड्रायव्हरकडून चलानावर शिक्का, तारीख आणि नाव घेतल्याशिवाय गाडी हलवू देऊ नका.

स्वीकृती असेल तर कायदा तुमच्या बाजूने आहे. एमएसएमई कायद्याच्या कलम १५ प्रमाणे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. नंतर कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ व्याज लागते. बँक रेट समजा ६ टक्के धरला तर १८ टक्के, म्हणजे महिन्याला दीड टक्का. ४ लाखांवर सहा महिन्यांचे व्याज ३७,३७७ रुपये होते. हा हिशेब लेटरहेडवर मांडून वित्त विभागाला आणि कंपनीच्या एमएसएमई नोडल अधिकाऱ्याला पाठवा. एकदा आकडा कागदावर आला की फाइल हलते, असा बहुतेकांचा अनुभव.

बिल मान्य आहे पण पैसे लांबताहेत, अशा वेळी ट्रेड्स व्यवस्था वापरा. खरेदीदाराने मान्य केलेले बिल त्या मंचावर बँका सवलतीने विकत घेतात आणि पैसे लवकर हाती येतात. मुदतीला पैसे भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची राहते, बँक तुमच्याकडे परत येत नाही. केंद्रीय सार्वजनिक कंपन्यांना या मंचावर नोंदणी बंधनकारक आहे.

हे सारे करून भागले नाही तर थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेकडे एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवरून अर्ज करा. परिषद आधी सामोपचाराचा प्रयत्न करते, नंतर लवादासारखा निर्णय देते. निर्णयाला न्यायालयात आव्हान द्यायचे असेल तर खरेदीदाराला आधी रकमेच्या ७५ टक्के रक्कम भरावी लागते. कायद्यात ९० दिवसांची मुदत आहे, प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो. म्हणून अर्ज लवकर टाका. ऑर्डर, चलान, स्वीकृती, बिल आणि स्मरणपत्रे तारखेच्या क्रमाने जोडा. उद्यम नोंदणी पुरवठ्याच्या आधीची असावी, नंतर केलेली नोंदणी मागच्या बिलांना लागू करून घेणे अवघड आहे. आणि इमारत, रस्ता, रंगकाम अशा कामाच्या कंत्राटांचे वाद या कायद्याखाली येत नाहीत, असे मुंबई उच्च न्यायालयाने निकालांत म्हटले आहे. ती वसुली करारातल्या लवाद कलमाने किंवा दिवाणी दाव्याने करावी लागते.

आणखी एक छोटी गोष्ट. अडीच लाखांवरच्या करारात सरकारी खरेदीदार बिलातून २ टक्के जीएसटी टीडीएस कापतो. ती रक्कम बुडालेली नसते. जीएसटी पोर्टलवर ती स्वीकारल्याची नोंद केली की तुमच्या रोख खातेवहीत जमा होते. महिनोन्‌महिने ती न स्वीकारता पडून राहिलेली असते आणि मालक म्हणतो बिल कमी आले.

प्रश्न: महानगरपालिका, जिल्हा परिषद इथे हेच ४ टक्के मागता येतील का? (जरीपटका)

नाही, वरचे धोरण केंद्राचे आहे. राज्याच्या कार्यालयांना १ डिसेंबर २०१६ ची खरेदी नियमपुस्तिका आणि नंतरचे शासन निर्णय लागू आहेत, टेंडर राज्याच्या महाटेंडर्स पोर्टलवर येतात. त्यात सूक्ष्म-लघु उद्योगांच्या सवलती कोणत्या, ते त्या टेंडरच्या अटींतच वाचून ठरवा आणि केंद्राच्या परिपत्रकाचा आधार देऊन वाद घालू नका, तो टिकत नाही. लहान बांधकामांच्या वाटपात सुशिक्षित बेरोजगार अभियंते, मजूर सहकारी संस्था आणि खुले ठेकेदार अशी विभागणी आहे. तुमच्या मुलाने स्थापत्यची पदवी किंवा पदविका घेतली असेल तर त्याची सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी करून घेणे हा सर्वांत जवळचा रस्ता. कर्नाटकाने कायद्यातच दुरुस्ती करून ठरावीक रकमेपर्यंतच्या सरकारी कामांत अनुसूचित जातींना १७.१५ टक्के आणि जमातींना ६.९५ टक्के वाटा ठेवला. महाराष्ट्रात तशी मागणी संघटनांनी लावून धरायला हवी, असे आमचे ठाम मत आहे.

प्रश्न: ऑर्डर मिळाली तर कच्च्या मालाला आणि बँक गॅरंटीला पैसा कुठून आणायचा? (कामठी रोड)

बयाणा माफ असला तरी ऑर्डर मिळाल्यावरची सुरक्षा ठेव माफ नसते, आणि पहिल्यांदा ऑर्डर मिळालेले बरेच जण इथेच अडखळतात. केंद्राच्या राष्ट्रीय अनुसूचित जाती-जमाती हबमधून बँक गॅरंटीचे शुल्क, कर्ज प्रक्रिया शुल्क आणि चाचणी शुल्क यांचा काही भाग परत मिळतो. हब राष्ट्रीय लघु उद्योग निगम, म्हणजे एनएसआयसी, चालवते. यंत्रसामग्रीसाठी याच हबची विशेष भांडवली अनुदान योजना आहे: संस्थात्मक कर्जातून घेतलेल्या यंत्रांवर २५ टक्के, कमाल २५ लाख रुपये. लक्षात ठेवा, परतावा म्हणजे आधी पैसे तुमचे जातात, नंतर काही भाग परत येतो. मूळ पावत्या, बँकेचे शुल्क कापल्याचे पत्र आणि ऑर्डरची प्रत फाइलमध्ये नसेल तर दावा फेटाळला जातो.

गॅरंटीसाठी बँक सहसा मुदत ठेव मागते. ऑर्डरची वाट न पाहता आधीच लहान ठेव सुरू करा आणि बँकेशी गॅरंटीची मर्यादा ठरवून ठेवा. ऑर्डर आल्यावर सुरक्षा ठेवीसाठी मोजकेच दिवस मिळतात आणि तेवढ्यात नवी मर्यादा मंजूर होत नाही. कागदपत्रांच्या मार्गदर्शनासाठी सेमिनरी हिल्सवरच्या सीजीओ कॉम्प्लेक्समधले एमएसएमई विकास कार्यालय गाठा. तिथे सार्वजनिक कंपन्यांचे खरेदी अधिकारी आणि लहान उत्पादक यांच्या भेटीचे कार्यक्रमही होतात. जाताना मालाचा नमुना, चाचणी अहवाल, उद्यम प्रमाणपत्र, जातीचा दाखला आणि एका पानावर तुमची महिन्याची उत्पादन क्षमता घेऊन जा. अधिकारी पहिल्यांदा क्षमताच विचारतो, आणि ‘साहेब, सांगाल तेवढे करू’ हे उत्तर त्याच्या वहीत लिहिता येत नाही.